आधी निवारा, मग निर्मूलन

उपरे झाड नष्ट केले की नदी पूर्वपदावर येते, हा समज किती महागात पडतो, हे अमेरिकेच्या वाळवंटी नैऋत्य भागाने अनुभवले आहे. धरणांमुळे कोलोरॅडो खोऱ्यातील वसंतातले पूर ओसरले, काठचे विलो आणि कॉटनवुड मागे हटले आणि आपल्या झाऊच्या कुळातील परदेशी टॅमरिस्क फोफावले. १९९५ मध्ये संकटग्रस्त घोषित झालेला विलो माशीमार पक्षी मग त्यातच घरटी बांधू लागला.

२००१ मध्ये तेथील कृषी खात्याने टॅमरिस्कची पाने खाणारे भुंगेरे सोडले. माशीमाराच्या वस्तीपासून सुमारे ३२० किलोमीटर दूर राहण्याची अट होती. तरीही २००६ मध्ये ते युटा राज्यात व्हर्जिन नदीकाठी आणले गेले. भर उन्हाळ्यात, घरट्यात पिले असताना, पाने झडून सावली गेली. २०१० मध्ये खात्याने हा कार्यक्रम गुंडाळला. पण भुंगेऱ्यांना परिपत्रक लागू होत नाही.

दिल्लीच्या रिजवरील विलायती कीकर, म्हणजेच आपली वेडी बाभूळ, हटवण्याचे बेत आखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. तोडलेल्या झाडांची संख्या हा यशाचा निकष नव्हे. आधी देशी झाड रुजावे, त्यावर पक्षी स्थिरावावा. कुऱ्हाड त्यानंतरच, टप्प्याटप्प्याने चालावी.