कार्ड मुलाचं, प्रवास आईचा. मग काउंटरवर उत्तर कोणी द्यायचं?

मार्च-एप्रिल आला की डेल्फ्ट, रायस्वाइक, हेगमधल्या मराठी घरांत आई-बाबांच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. ट्यूलिप असेतोवर त्यांनी यावं आणि पावसाआधी परत जावं, असा साधारण हिशेब. तिकीट इथला मुलगा किंवा मुलगी काढते, पैसे आपल्या कार्डावर भरते आणि पीडीएफ पुण्याला नाहीतर नाशिकला व्हॉट्सॲपवर पाठवते. केएलएमच्या जोडीला जुलै २०२५ पासून इंडिगोचं मुंबई-ॲमस्टरडॅम थेट विमान आलं, आखाती कंपन्या आहेतच. पर्याय वाढले. पण अनेक कंपन्यांच्या अटींत एक ओळ अजून टिकून आहे: ज्या कार्डाने पैसे भरले, ते कार्ड चेक-इनला मागितलं जाऊ शकतं.

बहुतेकांना ते कधीच मागितलं जात नाही, म्हणून ही ओळ कोणी वाचत नाही. मागितलं जातं तेव्हा मात्र काउंटरवर उभी असते सत्तरीची आई, आणि कार्ड असतं डेल्फ्टमध्ये मुलाच्या पाकिटात. भारतात विमानतळाच्या इमारतीत तिकिटाशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे सोडायला आलेला भाचाही दाराबाहेरच. मुंबईत रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि इथे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे साडेदहा. फोन लागला तर ठीक.

ही अट आली कुठून, ते आधी पाहू. कार्ड समोर नसताना, नुसता नंबर टाकून व्यवहार झाला आणि नंतर खऱ्या कार्डधारकाने 'हा मी केलेला नाही' अशी तक्रार केली, तर बँक ते पैसे विक्रेत्याकडून परत घेते. याला चार्जबॅक म्हणतात. विमान तोवर उडून गेलेलं असतं, सीट वापरली गेलेली असते, नुकसान कंपनीचं. व्यवहार ओटीपी किंवा बँकेच्या ॲपमधून मंजूर झालेला असेल, तर साधारणपणे ही जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. म्हणजे काउंटरवरची तपासणी मुळात तुमच्या सुरक्षेसाठी नाही, कंपनीच्या वसुलीसाठी आहे. तिच्यात गैर काही नाही, पण ती कोणासाठी आहे हे माहीत असलेलं बरं.

मग प्रश्न येतो, आता तर सगळीकडे ओटीपी आहे, तरी कार्ड कशाला? भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. युरोपात पीएसडी-२ या कायद्याखाली तशीच सक्ती सप्टेंबर २०१९ पासून आली, आणि ऑनलाइन खरेदीसाठी ती प्रत्यक्षात अमलात यायला २०२० चं वर्षअखेर उजाडलं. पण भारतातली सक्ती भारतात दिलेल्या कार्डांना. युरोपातली सक्ती पूर्णपणे लागू होते ती कार्डाची बँक आणि विक्रेत्याची बँक दोन्ही युरोपात असतील तेव्हा. डच कार्डाने भारतीय किंवा आखाती कंपनीच्या साइटवर तिकीट काढलं, तर ते नेमकं या दोन कायद्यांमधल्या फटीत पडतं. कधी ॲप उघडून मंजुरी द्यावी लागते, कधी नुसता नंबर टाकून काम होतं. आणि परदेशातला मुलगा भारतातल्या आई-वडिलांचं तिकीट काढतो, तेव्हा हीच जोडी जुळते: परदेशी कार्ड, वेगळा प्रवासी, वेगळं शहर. संगणकाला हे चोरीच्या कार्डासारखंच दिसतं.

संशय अगदीच बिनबुडाचा नाही. चोरलेल्या कार्डांवर काढलेली तिकिटं समाजमाध्यमांवरच्या गटांत 'स्वस्तात' विकली जातात. युरोपोल विमान कंपन्या आणि कार्ड कंपन्यांना बरोबर घेऊन अशा तिकिटांविरुद्ध विमानतळांवर खास मोहिमा राबवतं. टीयू डेल्फ्टला नव्याने आलेल्या मुलांना सांगावंसं वाटतं, की ओळखीच्या ओळखीतून निम्म्या भावात मिळणारं तिकीट घेऊ नका. अडकणारा प्रवासी तुम्ही असाल, विकणारा नव्हे.

नेदरलँड्समध्ये आणखी एक गुंता आहे. इथे लोक वर्षानुवर्षं आयडीलने, म्हणजे थेट बँक खात्यातून पैसे भरत आले. जुनी माएस्ट्रो डेबिट कार्डं परदेशी साइटवर सहसा चालतच नसत. जुलै २०२३ पासून नवी माएस्ट्रो कार्डं देणं बंद झालं आणि ऑनलाइन चालणारी डेबिट कार्डं आली. तरी नव्या विद्यार्थ्याकडे पहिल्या महिन्यांत बहुधा काहीच नसतं, मग तो घरातल्या सोबत्याचं कार्ड मागून घेतो. शिवाय फोनमधल्या गूगल पे किंवा ॲपल पेने पैसे भरले, तर व्यवहारात जाणारा नंबर प्लास्टिकच्या कार्डावरच्या नंबरपेक्षा वेगळा असतो. एकदाच वापरायचं आभासी कार्ड असेल, तर ते दाखवायचं कुठून? एजंटच्या साइटवरून तिकीट घेतलं, तर विमान कंपनीला अनेकदा एजंटनेच पैसे भरलेले असतात आणि तिच्याकडे नोंदलेलं कार्ड तुम्ही आयुष्यात पाहिलेलं नसतं. 'कार्ड दाखवा' ही अट प्लास्टिकच्या काळातली आहे. पैसे भरण्याची पद्धत बदलली, अट तिथेच राहिली.

खरं नुकसान करतात ते भाडेनियम. कार्ड दाखवता आलं नाही तर काही ठिकाणी तिकिटाचे पैसे पुन्हा भरायला सांगतात आणि पहिले परत मिळतील म्हणतात. ते जमलं नाही आणि काउंटर बंद झाला, तर प्रवासी 'नो-शो' ठरण्याची भीती असते, म्हणजे आलाच नाही अशी नोंद. स्वस्त भाड्यात नो-शोला मूळ भाडं सहसा परत मिळत नाही. जाण्याचा टप्पा वापरला नाही म्हणून परतीचाही रद्द होऊ शकतो. बाई पासपोर्ट, व्हिसा, तिकीट घेऊन काउंटरवर तासभर उभी आहे, आणि कागदोपत्री ती आलेलीच नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. तपासणी करा, पण तिचा खर्च प्रवाशाच्या गळ्यात नको. शंका असेल तर ती तिकीट विकताना किंवा पुढच्या दोन-तीन दिवसांत दूर करा, तोवर विमानाला आठवडे असतात. आणि काउंटरवर कंपनीने स्वतःच्या शंकेपायी कोणाला थांबवलं, तर ती नोंद नो-शो नव्हे, 'प्रवास नाकारला' अशी व्हायला हवी आणि पूर्ण भाडं परत मिळायला हवं.

कायदा याबाबत अर्धवट मदतीचा आहे. युरोपचा २६१/२००४ हा नियम प्रवास नाकारल्यास लांबच्या अंतराला ६०० युरोपर्यंत भरपाई देतो. त्यात वाजवी कारणांचा अपवाद आहे आणि उदाहरणं आरोग्य, सुरक्षा, अपुरी प्रवास कागदपत्रं अशी आहेत. बँकेचं कार्ड हे प्रवासाचं कागदपत्र नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. पण हा नियम ॲमस्टरडॅमहून निघणाऱ्या सगळ्या विमानांना लागू असला, तरी मुंबईहून येताना फक्त युरोपीय कंपनीला लागू होतो. आपले आई-वडील अडकतात ते मुंबईतच. तिथे डीजीसीएच्या २०१६ च्या नियमांचा आधार आहे: रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसावा, आणि नो-शो झाला तरी सरकारी कर व विमानतळाचं शुल्क परत मिळावं. ते मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून मागा. तक्रार एअरसेवा पोर्टलवर करता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आई-बाबा राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडेही जाऊ शकतात, मुंबईला खेपा घालायला नकोत.

फट बुजवायचं काम अर्ध्या बाजूने सुरू झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जे निर्देश काढले, त्यांत भारतीय कार्डाने परदेशी विक्रेत्याकडे केलेल्या व्यवहारांना, विक्रेत्याने मागणी केल्यास, जादा पडताळणी द्यायची सोय बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत करायची आहे. म्हणजे बाबांनी पुण्यातून डच साइटवर पैसे भरले तर सोय होईल. मुलाने डेल्फ्टमधून भारतीय साइटवर भरले तर, ते अजून कंपनीच्या मर्जीवर.

तोवर आपल्या हातात काय? तिकीट काढण्याआधी अटींत 'कार्ड पडताळणी' शोधा. फोनऐवजी प्लास्टिकच्या कार्डाचा नंबर वापरा आणि प्रवास होईपर्यंत ते कार्ड बदलू नका. काढल्या दिवशीच कंपनीला लेखी विचारा, की कार्डधारक प्रवास करणार नाही, आधी पडताळणी करून घ्याल का? आलेलं उत्तर छापून आईच्या पर्समध्ये ठेवा. सोबत तुमचं सहीचं पत्र, पासपोर्टची प्रत आणि कार्डाची प्रत द्या. कार्डाच्या प्रतीवर शेवटचे चार आकडे सोडून मधले झाका, मागचा तीन आकडी कोड तर झाकाच. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, जमलं तर बाबांनाच त्यांच्या कार्डाने पैसे भरू द्या आणि तेवढी रक्कम तुम्ही त्यांच्या खात्यात पाठवा. बाबा 'कशाला पाठवतोस' म्हणतील. तरी पाठवा.