रंग त्यांचाही, रंग आपलाही

"तोंडाला रंग फासलेले पुरुष आपल्या संस्कृतीत बसत नाहीत." हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी चार जणांकडून ऐकलं. चारातले तिघे नात्यातले आहेत. लग्नाच्या पंगतीत वाद नको, म्हणून उत्तर इथे लिहितो.

निमित्त साधं आहे. नातवाने पुण्याहून एक रेकॉर्ड प्लेअर आणि तीन इंग्रजी एलपी आणून दिल्या. टी. रेक्सची 'इलेक्ट्रिक वॉरियर' (१९७१), डेव्हिड बोवीची 'झिगी स्टारडस्ट' (१९७२) आणि क्वीनची 'क्वीन टू' (१९७४). या संगीताला इंग्लंडात ग्लॅम रॉक म्हणतात. मार्क बोलन १९७१ साली गालावर चमकी लावून बीबीसीच्या टीव्हीवर गायला आणि तिथून ही लाट उठली असं मानतात. मग उंच टाचांचे बूट, साटीनचे कपडे, डोळ्यांत काजळ. क्वीन या लाटेच्या शेपटाला आले. एलपीची कव्हरं बघूनच एक नातेवाईक म्हणाले, "गुर्जी, या वयात हे काय चालवलं जी?"

आता मला सांगा मंडळी, नारायण श्रीपाद राजहंस कोण होते? १९११ साली 'मानापमान'ची भामिनी, १९१६ साली 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'ची सिंधू. भरजरी शालू, नथ, अंबाड्यावर गजरा. घरंदाज बायका या पुरुषाकडे बघून साडी कशी नेसावी ते शिकत होत्या. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. पुण्याच्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे. २०११ साली त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा आपण सहकुटुंब बघितला. त्याच्या आदल्या वर्षी 'नटरंग' आला. नाच्या झालेल्या पैलवानाची फरफट बघून आपल्याच घरातल्यांनी डोळे पुसले होते. तेव्हा संस्कृती बुडाली नाही, आणि लंडनच्या पोराने ओठ रंगवले की बुडते, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, बालगंधर्व भूमिका करत होते, हे लोक स्वतःच तसे वागत होते. मग 'झिगी स्टारडस्ट' ऐकाच. झिगी हे पात्र आहे. बोवीने एक काल्पनिक रॉक गायक रचला, त्याचा उदय आणि अंत अकरा गाण्यांत मांडला आणि रंगमंचावर तो झिगी होऊन उभा राहिला. आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक बघणाऱ्या माणसाला पात्र म्हणजे काय हे समजावून सांगावं लागू नये.

दुसरी गंमत क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीची. मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, १९४६ चा, घर पारशी. शिक्षण मात्र आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. फ्रेडी हे नाव त्याला तिथेच पडलं, आणि शाळेतल्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. २०१८ साली त्याच्यावर सिनेमा आल्यावर "तो तर आपल्या पाचगणीचा" असे निरोप मला कितीतरी आले. पाठवणाऱ्यांत हे रंग फासल्याचं म्हणणारेही होते! माणूस आपला आणि त्याचा रंग परका, असं कसं चालेल? घ्यायचा तर पूर्ण घ्या.

पूर्ण घ्या, हे मी रेकॉर्डबद्दलही म्हणतो. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असायची. लाख म्हणजे आपल्या पळसावर, कुसुमावर किडा करतो तीच. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात, वन्स मोअरवर वन्स मोअर घेत गायलेलं पद तेवढ्यात कोंबलेलं. बालगंधर्वांचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते असं चिमूटभर. एलपीने एका बाजूला वीसेक मिनिटं दिली आणि या पोरांनी त्या जागेचा नाटकासारखा उपयोग केला. 'क्वीन टू'च्या दोन बाजूंना ए आणि बी म्हटलेलं नाही. एक पांढरी बाजू, एक काळी. पांढऱ्या बाजूवर मुख्यतः ब्रायन मेची गाणी आहेत आणि काळी बाजू सगळी फ्रेडीची, एकातून दुसरं गाणं निघत जाणारी. मोबाईलवर यातलं एक गाणं ऐकणं म्हणजे तिसऱ्या अंकातला एकच प्रवेश बघून नाटकावर मत देण्यासारखं आहे. तबकडी उठून उलटावी लागते. तो मध्यंतर आहे.

शब्द कळतात का, असंही विचारलं गेलं. सगळे नाही कळत. भीमसेनजींची कानडी दासपदं ऐकताना तरी आपल्याला किती कळतं? आणि गॅरी ग्लिटरचं काय, असं भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याच लाटेतल्या या गायकाला लहान मुलींवरच्या अत्याचारासाठी २०१५ साली सोळा वर्षांची शिक्षा झाली, ती योग्यच झाली. पण गुन्हा माणसाचा होता. बिनरंगाच्या तोंडाचे, पांढऱ्या कपड्यातले असले गुन्हेगार आपण कमी बघितलेत का?

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. इकडे दंडारीत बऱ्याच ठिकाणी पुरुषच लुगडं नेसून नाचतो. जवळच्या एका गावातला असाच एक पोरगा, पाय असे की झांज चुकेल पण तो चुकणार नाही. कुणीतरी त्याच्या नाचाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरवला, खाली नको ते लिहून. कॉलेजात त्याला चिडवलं. यंदा तो उभा राहिला नाही. घरचे म्हणाले, बरं झालं, लग्नाचं वय आहे. दंडार झाली, पण लोक अर्ध्यातून उठून गेले, आणि जाताना म्हणाले की आजकालच्या पोरांना आपल्या कलेची आवड नाही.

आवड त्याला होती. आपण ती हसून मारली. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा गडचिरोलीभर अभिनंदनाचे फलक लागले. फलक लावणं सोपं असतं. रंग लावून उभ्या राहिलेल्या आपल्या गावच्या पोराकडे मान खाली न घालता बघणं, त्याच्यावर दुसरा हसला तर त्याला गप्प करणं, हे अवघड आहे, आणि कला जगते ती त्याच्यावरच.

म्हणून माझ्या नातलगांना एकच विनंती. बोवी आवडून घेऊ नका, काही सक्ती नाही. पण "आपल्यात हे नव्हतं" असं म्हणू नका. आपल्यात हे त्यांच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि आज जे उरलंय ते आपल्याच हातून चाललंय.

असो. एलपी तिन्ही इथेच आहेत. दिवाळीत मुलचेऱ्याला या. दोन्ही बाजू ऐकवीन, मग भांडू.