टाकाऊ लाकडाची क्षणजीवी शिल्पे

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाषाण किंवा पंचधातू उभा राहतो. जे युगानुयुगे टिकेल तेच शिल्प, बाकी सारा पोरखेळ, असा आपला दृढ समज आहे. तो सर्वस्वी बरोबर नाही, असे आम्हांस वाटते.

डेव्हिड बेस्ट हे अमेरिकेतील शिल्पकार. लाकडी खेळण्यांचे भाग कापून घेतल्यावर कारखान्यात उरलेले प्लायवुडचे जाळीदार तक्ते त्यांनी मिळविले आणि २००० साली नेवाडाच्या वाळवंटात त्यांची एक मंदिरसदृश वास्तू रचली. त्यांचा एक तरुण सोबती नुकताच अपघातात गेला होता. ती वास्तू सहजच त्याचे स्मारक झाली. येणारेजाणारे आपापल्या दिवंगतांची नावे तीवर लिहू लागले, आणि अखेर ती अग्नीस अर्पण करण्यात आली. पुढे २०१५ साली याच शिल्पकाराने उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरी स्थानिक लोकांना हाताशी धरून ७२ फूट उंचीचे लाकडी मंदिर उभारले. त्या शहरात होळी हे वैराचे चिन्ह! ११ जुलैच्या रात्री प्रोटेस्टंट वस्त्यांत, तर १५ ऑगस्टला कॅथलिक वस्त्यांत लाकडांचे ढीग पेटतात आणि त्यांवर प्रतिपक्षाचे ध्वज जाळले जातात. अशा ठिकाणी दोन्ही पंथांच्या लोकांनी आपले दुःख लिहून ठेवावे आणि २१ मार्चला सर्वांनी मिळून ते जळताना पाहावे, हे कार्य कोणत्या पाषाणमूर्तीने साधले असते?

आम्हां मराठी मुलांना तर हे नवे वाटण्याचे कारणच नाही. दिवाळीत दगडमातीचा किल्ला आपण कोणत्या हौसेने रचतो! तो चार दिवसांनी मोडावयाचा आहे, म्हणून बुरूज वाकडा ठेवीत नाही. आमच्या बडोद्यातही ललितकला शाखेच्या मेळ्यासाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या थोर कलावंताने साध्यासुध्या साहित्याची खेळणी घडविण्यात कमीपणा मानला नाही.

आता आमच्या मनातील गोष्ट. शाळेच्या मागील पडवीत मोडक्या बाकांचा ढीग पडला आहे. तो भंगारात काढावा, असे वडीलधाऱ्यांचे मत आहे, आणि शाळेला पैशांची निकड आहे हेही खरे. तथापि वजनावर मिळून मिळून किती मिळणार? ज्या फळ्यांवर आमच्या आधीच्या पिढ्यांनी कर्कटकाने नावे कोरली, त्यांचे पटांगणात एखादे जहाज किंवा महावृक्ष उभारावा आणि पावसाळ्यापूर्वी तो उतरवावा. जाळण्याच्या मात्र आम्ही विरुद्ध आहोत. रंगरोगणाचा धूर विषारी असतो. बाहेरून खोक्यांची लाकडे आणल्यास त्यांवरील शिक्का अवश्य पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊ नये. खिळे उपटण्याचे काम सुतारकाम शिकविणाऱ्या गुरुजींच्या देखरेखीखाली व्हावे.

उतरविलेले लाकूड त्यानंतर खुशाल विकावे. लिलाव दोन महिने लांबेल, एवढेच.