उंबरठ्यापलीकडचे गीत

जनकवी पी. सावळाराम हे ठाण्याचे भूषण. या शहरात त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले आणि येथील नगराध्यक्षपदही सांभाळले. सासरी निघालेल्या कन्येला निरोप देणाऱ्या त्यांच्या गीताला वसंत प्रभूंची चाल व लता मंगेशकरांचा स्वर लाभला. ते ऐकून डोळे पाणावले नाहीत अशी माता महाराष्ट्रात विरळाच. स्त्रीहृदयातील हळुवार भाव त्यांनी घरोघर पोहोचविला, हे ऋण कोणीही मान्य करील.

परंतु ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. आपल्या लोकप्रिय गीतांतील स्त्री सदैव उंबरठ्यावरच का उभी असते? ती माहेर सोडते, भाऊरायाची वाट पाहते, पतीच्या चाहुलीने मोहरते. लावणीत आली की दुसऱ्याच्या नजरेसाठी नटते. तिचे सारे सुखदुःख कोणाच्या तरी येण्याजाण्यावर अवलंबून! ती दिवसभर काय करते, याची गीताला वार्ताच नसते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले व वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. तेथील कित्येक कारखान्यांच्या जागी आज कचेऱ्या उभ्या आहेत. पण सकाळी ठाणे स्टेशनाबाहेर, डबा सांभाळीत बसच्या रांगेत उभी राहणारी स्त्री तेव्हाही होती, आजही आहे. शेजारच्या यंत्रावरील मैत्रीण, कामाचा हिशेब मागणारा वरिष्ठ, मूल सांभाळणारी सासू, ही तिचीही नातीच आहेत. त्यांचे गीत कोठे आहे?

गाणे हा विरंगुळा, त्यात कष्टांचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर आपल्या आजीपणजींनीच देऊन ठेवले आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्यांत माहेर व विठोबा आहेत, तसाच दळणाचा शीण आणि नवऱ्याचा जाचही आहे. विरंगुळा आणि सत्य तेथे एकाच खुंट्याभोवती फिरले. जाते थांबले, चित्रपटाने आणि ध्वनिमुद्रिकेने ओवीतील माया तेवढी उचलली, श्रम मागेच राहिले.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नव्हे. भावनेची भाषा माणूस गाण्यातून शिकतो. ज्या श्रमांना गीत नाही, त्यांना घरातही मान मिळत नाही. मग तिचा पगार 'हातभार' ठरतो आणि तिचा थकवा कुरकुर ठरते.

सावळारामांच्या नावाने ठाण्यात पुरस्कार दिला जातो. एखाद्या वर्षी तो कष्टकरी स्त्रीच्या गीताला, आणि शक्यतो तिनेच रचलेल्या गीताला, लाभावा अशी आमची सूचना आहे. मुलीला सासरी पोहोचविणारे गीत या शहराने दिले. तिला कामावरून सन्मानाने घरी आणणारे गीतही याच शहराने द्यावे.