बक्षिसाच्या बदल्यात कथा

कथास्पर्धांच्या नियमपत्रकांत एक नियम सर्रास आढळतो: स्पर्धेसाठी आलेल्या सर्व कथांचे हक्क आयोजकांकडे राहतील. त्याच्या वरच्या ओळीत शब्दमर्यादा असते, खालच्या ओळीत परीक्षकांचा निर्णय अंतिम असल्याची ग्वाही. अशा दोन निरुपद्रवी शेजाऱ्यांमुळे तोही निरुपद्रवी भासतो. त्यातील 'आलेल्या सर्व' हे शब्द मात्र पुन्हा वाचावेत. पारितोषिक तीन कथांना मिळायचे, हक्क मात्र दोनशे कथांवर सांगायचा! मुरलेला प्रकाशकही लेखकाच्या तोंडावर अशी मागणी करायला कचरेल. ती साहित्यसेवेच्या नावाखाली केली जाते, आणि लेखक ती पुरी करतात.

रायपूर, बिलासपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी लेखकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. पुण्या-मुंबईच्या संपादकांशी त्याचा परिचय नसतो. त्याच्यासमोर मंडळांच्या स्पर्धा आणि दूरचे दिवाळी अंक एवढीच दारे असतात. ती बंद होऊ नयेत म्हणून तो कोणत्याही कागदावर सही करतो.

या प्रदेशाने वस्तुतः हक्क या विषयावरच एक कथा दिलेली आहे. माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. १९०१ मध्ये त्यात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतील पहिली मौलिक कथा म्हणून अनेक अभ्यासक तिचे नाव घेतात. पुढे रायपूर हीच सप्र्यांची कर्मभूमी झाली आणि १९२६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. कथेतील जमीनदार वकिलांना हाताशी धरून एका विधवेच्या झोपडीचा कब्जा मिळवतो. कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो, विधवेपाशी उरते ती टोपलीभर मातीची विनवणी. आजच्या कथालेखकाची अवस्था याच्या नेमकी उलट, आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणी आहे. कायदा त्याच्या बाजूचा आहे. झोपडी तो आपल्या हाताने लिहून देतो.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कथेचा पहिला मालक लेखकच असतो. नियतकालिकाच्या मालकाला हक्क मिळतो तो त्याच्या पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर, आणि तोही करार वेगळे सांगत नसेल तर, मुख्यत्वे नियतकालिकातील प्रकाशनापुरता. टपालाने कथा धाडणारा शिक्षक किंवा गृहिणी कोणाची नोकर नसते. हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखकाच्या सहीचा लेख लागतो. त्यात कोणती कृती, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला याचा निर्देश हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते; प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. एका वर्षात हक्क वापरला नाही, तर तसे वेगळे ठरलेले नसल्यास तो संपतो. एवढे संरक्षण असताना पत्रकातील एका ओळीने कथा आयोजकांच्या खिशात जाते हा समज निराधार आहे.

परंतु प्रवेशिकेच्या तळाशी 'सर्व नियम मान्य' असे छापलेले असते आणि खाली सहीची रेघ असते. नियमांत 'कायमस्वरूपी' हा शब्द असेल, तर पाच वर्षांचे संरक्षण उपयोगी पडत नाही, कारण मुदत लिहिली गेली आहे! मग वाद उपस्थित होतो. असे वाद ऐकणारे अपिलीय मंडळ २०२१ मध्ये रद्द झाले आणि ते काम वाणिज्य न्यायालयांकडे गेले. हजार-दोन हजारांच्या पारितोषिकासाठी कोणता कथाकार तिथवर जाईल?

'हक्काची भाषा साहित्यिकाला शोभत नाही' हे मत मराठी वर्तुळात आजही आदराने ऐकले जाते. ते बोलणाऱ्यांनी रायपूरचेच विनोदकुमार शुक्ल आठवावेत. १९९९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेला हा मितभाषी लेखक. पैशाची हाव त्यांना चिकटवण्याची कोणाची छाती होणार नाही. त्यांनी २०२२ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, आपली पुस्तके दिल्लीच्या दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांकडून मोकळी व्हावीत असे उघडपणे सांगितले. प्रकाशकांनी आपापले खुलासे केले. त्या वेळी चर्चेत आलेली वार्षिक मानधनाची रक्कम काही हजारांत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशनाने रायपुरातच त्यांना ३० लाख रुपयांचा धनादेश दिला, तो एका कादंबरीच्या विक्रीपोटी. त्याच डिसेंबरात ते निवर्तले. तोच लेखक, तीच कादंबरी. फरक पडला तो पुस्तक कोणाच्या हाती आहे याने. ज्येष्ठाला जे सोडवायला वर्षे लागतात, ते नवोदिताने एका सहीत बांधून द्यावे, हा कोणता संस्कार?

मासिकांचे दुखणे निराळे. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून संपादक आणि लेखक यांचा व्यवहार बव्हंशी विश्वासावर चालत आला. त्या विश्वासाचा अर्थ एकच होता: कथा आधी आमच्याकडे, पुढे तुमच्या संग्रहात. ही रीत चांगली होती. आता कथा अप्रकाशित हवी, अन्यत्र पाठवलेली नसावी, असा आग्रह धरणारे संपादक आणि आयोजक तिचा निर्णय वर्षभर कळवत नाहीत. कथेचे पहिले प्रकाशन एकदाच होते. ते अडवून ठेवणे म्हणजे फुकटात तारण घेणे. मुदतीत उत्तर देता येत नसेल त्यांनी एकनिष्ठेची अट घालू नये.

आयोजकांचा युक्तिवाद असा की, हक्क नसतील तर विजेत्या कथांचा संग्रह काढायचा कसा? त्यासाठी मालकी लागत नाही. निवडलेल्या कथा एका संग्रहात, एका आवृत्तीपुरत्या, दोन वर्षांच्या आत छापण्याची अनुमती पुरते. अनुवाद, नाट्यरूप, चित्रपट, ध्वनिमुद्रण हे सारे लेखकाकडे राहू द्यावे, आणि न निवडलेल्या कथा निकालाच्या दिवशीच मोकळ्या कराव्यात. प्रातिनिधिक संग्रहांचे साक्षेपी संपादक एकेका लेखकाला, लेखक हयात नसेल तर त्याच्या वारसाला, पत्र लिहून संमती मिळवतात. त्यात महिने जातात, चार पत्ते चुकीचे निघतात, पण संग्रह निघतात. मंडळाच्या कार्यवाहांना तर फक्त तीन विजेत्यांना पत्र लिहायचे असते, आणि तिघांचेही पत्ते त्यांच्या समोरच्या फायलीतच असतात.