माग काढता येणारी पिढी हवी

पावसाळा सरला की आमच्या भागात एक गोष्ट नेमाने घडते. कुणाच्या तरी बांधीत, ओल्या चिखलात एक पाऊल उमटलेले दिसते. त्याचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो आणि संध्याकाळपर्यंत आसपासच्या गावांत ‘वाघ आला’ अशी हाकाटी होते. मुले शाळेत येत नाहीत, बाया धान कापायला जात नाहीत. बऱ्याचदा ते पाऊल गावातल्याच कुत्र्याचे निघते, कधी तडसाचे. याच्या उलटही घडते आणि ते जिवावर बेतते. पांदणीवर वाघाची ताजी पावले असतात, त्याच पांदणीने बाया मोहफुले वेचायला जातात आणि एकीच्याही नजरेला ती पडत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्याच्या बफर क्षेत्रालगतच्या जिल्हा परिषद शाळांत मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलांना लिहा-वाचायला शिकवणे हे माझे काम होते. पण या भागात राहणाऱ्या मुलाला पाढे आणि बाराखडी जितकी लागते, तितकेच रानातल्या खुणा ओळखणेही लागते, हे मी रोज पाहत आले. म्हणून आग्रहाने सांगते : जंगलाकाठच्या प्रत्येक मुलाला माग काढता आला पाहिजे आणि तो शिकवण्याची जबाबदारी शाळेने आणि वनविभागाने मिळून घेतली पाहिजे.

ही विद्या कष्टाची आहे, पण तिची सुरुवात चौथीतल्या मुलालाही जमते. मांजरकुळातले प्राणी, म्हणजे वाघ, बिबट्या, रानमांजर, चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात सहसा चार बोटे आणि तळवा एवढेच दिसते. कुत्रा, कोल्हा, तडस यांच्या बोटांपुढे नखांचे टोचे उमटतात. निसरड्या चिखलात वाघही तोल सावरायला नखे बाहेर काढतो, म्हणून एवढ्या एका खुणेवर थांबायचे नाही. तळव्याची मागची कड पाहायची. मांजरकुळात तिला तीन गोलाई असतात. कुत्र्याचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा असतो. वाघ-बिबट्याच्या मधल्या दोन बोटांपैकी एक जरा पुढे असते. पुढचे बोट उजवीकडचे असेल तर पाऊल डावे, डावीकडचे असेल तर उजवे. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, पण नखांच्या खुणा त्याची ओळख सांगतात. वाघाचा बछडा आणि मोठा बिबट्या यांत मात्र जाणतेही घोटाळतात. तिथे एका ठशावर निकाल द्यायचा नाही. आसपास आईचे मोठे पाऊल आहे का, ते शोधायचे.

एवढे पुस्तकातही सापडेल. खरी विद्या पुढे आहे. ती मी आमच्या गावातल्या एका वृद्ध गोंड बाबांना मुलांना शिकवताना पाहिली. मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाकडे जाणाऱ्या पांदणीवर वर्ग उभा होता. मुले खाली वाकून धडाधड प्राण्यांची नावे सांगू लागली, तेव्हा बाबांनी त्यांना थांबवले. म्हणाले, “पायाकडं पाहाच्या आंधी सूर्य कोठी हाय, थे पाहा.” मग त्यांनी सगळ्यांना अशा बाजूला बसवले की ठसा मुलांच्या आणि उगवत्या सूर्याच्या मधे आला. तिरप्या उन्हात ठशाच्या प्रत्येक कडेची सावली पडली आणि आधी न दिसलेली पावले मुलांना दिसू लागली. दुपारी ऊन डोक्यावर आले की तीच वाट कोरी वाटते.

पांदणीत आदल्या संध्याकाळी परतलेल्या बैलगाडीची चाकोरी होती. वाघिणीचे पाऊल त्या चाकोरीवर पडले होते. म्हणजे ती गाडीनंतर गेली. बाबांनी पुढचा प्रश्न विचारला : वरच्या मोहाच्या पानांवरून पहाटे दव ठिबकते, त्याचे थेंब कुठे पडलेत? मुलांनी निरखून पाहिले. धुळीत थेंबांचे बारीक खड्डे होते आणि ते ठशाच्या आतही होते. म्हणजे ती दव ठिबकायच्या आधी गेली होती. दिवेलागणीनंतर आणि पहाटेच्या आधी, एवढी वेळ मुलांनी स्वतः ठरवली. तेवढ्यात एका मुलीने वाटेच्या कडेची लहान पावले दाखवली. ती सरळ न जाता इकडून तिकडे, पुन्हा इकडे अशी पळाली होती. सोबत पिल्लू होते. पावले तलावाकडे गेली होती आणि परतीचा माग कुठेच नव्हता. बाबांनी काही सांगायच्या आत मुलेच म्हणाली, “आज या वाटेनं नको.” वर्ग मागे फिरला आणि त्याच सकाळी गावात सगळ्यांना निरोप गेला.

या एका तासात मुले निरीक्षण शिकली, पुरावा मांडायला शिकली, दोन शक्यतांतली कुठली टिकते ते तपासायला शिकली. विज्ञानाच्या तासाला याहून वेगळे काय शिकवतात? शिवाय इथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, माणूस जातो. म्हणून मुले घाईने बोलत नाहीत, ‘माहीत नाही, अजून पाहू’ असे म्हणायला शिकतात. ही सवय त्यांना जन्मभर पुरेल.

माग फक्त जमिनीवरही नसतो. वानराची खाकर, चितळाचा तीक्ष्ण इशारा, सांबराचे घुमणारे ‘ढोंक’, सातभाईंचा एकाएकी उठलेला कालवा, या सगळ्यांतून जवळपास कोण आहे ते कळते. चितळ लहानसहान कारणानेही बिचकते. सांबर पुन्हा पुन्हा ओरडत असेल तर ती गोष्ट सहज घ्यायची नाही. विष्ठेवरून आहार कळतो. अस्वलाच्या विष्ठेत बोरांच्या, जांभळांच्या बिया असतात, बिबट्याच्या विष्ठेत केस असतात आणि हाडे चावून खाणाऱ्या तडसाची विष्ठा वाळली की पांढरी पडते. कुठल्या महिन्यात कोण काय खाते हे कळले, म्हणजे कुठल्या झाडाखाली कधी जाऊ नये हेही कळते.

यावर कुणी म्हणेल की आता कॅमेरा ट्रॅप आहेत, रेडिओ कॉलर आहेत, ठशांचे दिवस संपले. या म्हणण्याला इतिहासाचा आधार दिला जातो, म्हणून तो इतिहास नीट पाहू. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पगमार्कवरून वाघ मोजण्याची पद्धत घडवली. १९७२च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ हा आकडा आला, तो याच मार्गाने. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. काचेवर ठशाची नक्कल उतरवायची आणि प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा, अशी ती रीत. माती बदलली, चाल बदलली की एकाच वाघाचा ठसा वेगळा दिसतो, हा तिचा मोठा दोष होता. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदोपत्री वाघ होते. २००५ साली तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर पगमार्क गणना बंद झाली आणि २००६ पासून कॅमेरा ट्रॅप व सांख्यिकी यांवर आधारलेली पद्धत आली. हा बदल योग्यच होता.

पण त्यातून अनेकांनी चुकीचा अर्थ काढला. बाद झाली ती ठशांवरून डोकी मोजण्याची पद्धत. माग ओळखण्याची विद्या बाद झालेली नाही. आजही दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेचा पहिला टप्पा वनरक्षकाच्या पायांवर उभा आहे. तो आपल्या बीटमध्ये मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत किलोमीटरच्या किलोमीटर चालतो आणि पावले, विष्ठा, ओरखडे यांची नोंद करतो. कॅमेरा कुठे लावायचा, हेसुद्धा त्या खुणांवरून ठरते. ज्याला बिबट्या आणि तडस यांच्या पावलांतला फरक कळत नाही, त्याच्या हातात कितीही चांगले अ‍ॅप दिले तरी नोंद चुकीचीच होणार.

शिवाय कॅमेरा संशोधकाला उपयोगी पडतो. धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला त्या सकाळी तो काहीच सांगत नाही. २०२२च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी वाघ राखीव प्रकल्पाबाहेर, गावांना खेटून असलेल्या जंगलात राहतात. जुन्नर, अकोले भागात बिबटे उसात वाढतात. ‘आजोबा’ या बिबट्याला २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीतून काढले, कॉलर लावून माळशेज घाटात सोडले आणि तो चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. माणसांच्या वस्तीतून तो कुणाला कळू न देता गेला. अशी जनावरे आपल्या शेजारी राहणारच आहेत. शेजाऱ्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा ठाऊक असणे, हाच त्यातला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा बचाव आहे.

ही विद्या आज ज्यांच्याकडे आहे, ती माणसे म्हातारी होत चालली आहेत. गोंड, माडिया, कोलाम, कोरकू आणि फासेपारधी समाजांतल्या जाणत्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आदिवासी, पारधी, धीवर यांच्याकडून शिकणे कधी सोडले नाही आणि ते ऋण त्यांनी उघडपणे मानले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. ज्या समाजांकडून ते शिकले, त्यांच्या ज्ञानाला मात्र आपण अजून प्रमाणपत्राचा एक कागदही दिलेला नाही. पारधी समाजाला तर इंग्रजांनी १८७१च्या कायद्याखाली गुन्हेगार ठरवले आणि कायदा रद्द झाला तरी तो डाग पुसला गेला नाही. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण आज पर्यटकांना जंगलाकाठी फिरवून खुणा दाखवतात. आपल्याकडे हे का होऊ नये?

दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. त्यांच्या ‘सायबरट्रॅकर’ या प्रणालीत अक्षरओळख नसलेला मागकरीही पडद्यावरच्या चित्रांना बोट लावून शास्त्रीय नोंद करू शकतो. मागकऱ्यांची प्रत्यक्ष जंगलात परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची रीतही तिथे १९९४ पासून रुळली आहे. २०१३ साली तर नामिबियातल्या सान समाजाच्या तिघा मागकऱ्यांना युरोपीय पुरातत्त्व संशोधकांनी फ्रान्समधल्या गुहांत नेले, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची पावले वाचायला. विद्वानांनी त्यांना सहकारी म्हणून बोलावले, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला, यामुळे शिकार वाढेल. शिकारी टोळ्यांना माग आधीच कळतो. कळत नाही तो गावकऱ्यांना. आपल्या रानातली रोजची पावले ओळखणाऱ्या गावात परक्या बुटाचा ठसा किंवा तारेचा फास लपून राहत नाही. दुसरा आक्षेप मुलांच्या जिवाचा. तो रास्त आहे आणि त्यावर नियम पक्के हवेत. राखीव जंगलात पाऊल टाकायचे नाही. शाळेची वाट, तलावाचा काठ, नाल्याची वाळू एवढे शिवार पुरेसे आहे. मोठ्यांशिवाय जायचे नाही. ताज्या मागाचा पाठलाग कधीही करायचा नाही. जनावर आले कुठून हे पाहण्यासाठी माग उलटा काढायचा, तोही जवळपास काही नाही याची खात्री झाल्यावर. पिल्लाचे पाऊल दिसले की तिथूनच मागे फिरायचे. आणि कुठे काय दिसले याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकायचे नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी तरतूद आहे. सुतार, कुंभार, माळी यांच्या यादीत जंगलाकाठच्या तालुक्यांनी मागकऱ्याचे नाव घालावे आणि त्याला मानधन द्यावे. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात गावातल्या जाणत्याला शिक्षक म्हणून उभे करावे. वाघ-बिबट्या आला की आधी धावून जाणाऱ्या, गावोगावच्या प्राथमिक प्रतिसाद दलांत किमान एक पारखलेला मागकरी असावा, आणि त्यात बायकाही असाव्यात, कारण मोहफुले, तेंदूपाने, सरपण यांसाठी रानात सर्वाधिक जातात त्या बायकाच.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे की यासाठी शासन निर्णयाची वाट पाहू नका. गावातला जाणता माणूस शोधा, त्याला मानाने शाळेत बोलवा आणि या हिवाळ्यात एक सकाळ मुलांना घेऊन त्याच्याबरोबर पांदणीवर जा. तो आज आहे. आणखी दहा वर्षांनी असेल, याची खात्री कुणालाच नाही.