मराठा वाढले म्हणजे मराठी वाढली का?

हुबळी-धारवाड : कर्नाटकात मातृभाषा मराठी सांगणारे २००१ मध्ये १८ लाख ९२ हजार होते, २०११ मध्ये २० लाख ६४ हजार. दहा वर्षांत वाढ ९ टक्के. त्याच काळात राज्याची लोकसंख्या वाढली १५.६ टक्के. म्हणजे माणसं वाढली, पण वाटा ३.६ वरून ३.४ टक्क्यांवर आला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे वाद घालायला आजही हेच आकडे.

इथला मराठी समाज काल-परवा आलेला नाही. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. पण आजी मराठी, सून कन्नड आणि नातवंडं इंग्रजी शाळेत, अशी घरं आता जुन्या हुबळीतही सापडतात. जन्मदर घटला म्हणावं, तर तो सगळ्यांचाच घटलाय. भाषा घरातच बदलते, हे कारण जास्त पटतं. (बाहेरचे लोक सावजींनाही मराठीत धरतात. त्यांची घरची बोली वेगळी.)

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी जातही नोंदवली जाणार आहे. खरा घोळ तिथे होईल. एकच घर जातीच्या रकान्यात मराठा आणि भाषेच्या रकान्यात कन्नड असू शकतं. जातीचा आकडा घेऊन कुणी मराठी शाळा मागायला गेलं, तर अधिकारी भाषेचा रकाना पुढे करतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. येणाऱ्या आणखी दोन भाषा वेगळ्या नोंदवता येतात. आई कन्नड बोलत असेल तर कन्नडच लिहावं, मराठी पुढच्या रकान्यात. पण आई मराठी बोलत असूनही ‘इथं राहतो, कन्नडच लिहा’ म्हणून मोकळं होणारेही आहेत. हा रकाना सीमाप्रश्नावरचं मत विचारत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी सूचना मिळण्यासाठी १५ टक्क्यांची अट आहे. ती खानापूर, निपाणीकडे कामाची. हुबळी-धारवाडात तेवढी वस्ती नाही. इथे उपयोगाचा निकष प्राथमिक शाळेचा : वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं. ती दहा मुलं मात्र पालकांनीच पाठवायला हवीत.